भरलेले प्रेक्षागार, रिकामी तिजोरी : अमेरिकेतील छोट्या फुटबॉल संघांचा जमाखर्च

मराठी रंगभूमीचा इतिहास ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना गंधर्व नाटक मंडळीची कथा ठाऊकच असेल. नाट्यगृहे तुडुंब भरत होती, बालगंधर्वांचे एक पद ऐकण्यासाठी लोक गावोगावहून येत होते, आणि तरीही मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा बोजा वाढतच गेला. दारातील गर्दी आणि वर्षअखेरीस वहीत उतरणारी शिल्लक या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्यापारी वर्गाला नव्याने सांगावयास नको. परंतु याच सत्याचा एक विलक्षण प्रयोग अमेरिकेत गेली सुमारे चार दशके चालू आहे. बंदिस्त सभागृहात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलचे छोटे संघ तेथे एकामागून एक जन्माला येतात, चार-दोन हंगाम गाजतात आणि एके दिवशी दाराला कुलूप लावून नाहीसे होतात. असे का होते, याचा विचार खेळाचा शौक नसलेल्या वाचकालाही उद्बोधक वाटेल, असा विश्वास आहे.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांना धडका देत पुढे नेण्याचा तो खेळ आहे. उघड्या मैदानावरील त्याचे क्रीडांगण १०० यार्ड लांब असते आणि प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. १९८१ मध्ये न्यूयॉर्क येथे सभागृहातील एक निराळाच सामना पाहत असताना जिम फॉस्टर या गृहस्थांच्या मनात कल्पना आली की, हाच अमेरिकन फुटबॉल छपराखाली आणता येईल. हातातील लिफाफ्यावरच त्यांनी त्याचा आराखडा रेखाटला. मैदानाची लांबी ५० यार्डांवर आणि रुंदी ८५ फुटांवर आणली, खेळाडू ८ केले आणि दोन्ही टोकांना जाळी टांगून तिच्यावर आदळून परतणारा चेंडू खेळात धरला. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे चाचणीचा सामना झाला आणि १९८७ मध्ये केवळ ४ संघांनिशी 'अरेना फुटबॉल लीग' सुरू झाली. या पद्धतीचे पेटंटही १९९० मध्ये फॉस्टर यांना मिळाले. त्यामुळे पुढे निघालेल्या प्रतिस्पर्धी लीगना पुष्कळ वर्षे जाळीवाचूनच खेळ मांडावा लागला.

या मापांमागे एक व्यापारी हिशेब होता. बर्फावरील हॉकीचे रिंगण २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असते, आणि फॉस्टर यांचे मैदान दोन्ही टोकांच्या पट्ट्यांसह त्यात नेमके बसते. अमेरिकेतील मध्यम शहरांतून अशी हॉकीची सभागृहे जागोजागी उभी आहेत. वसंत ऋतूत हॉकीचा हंगाम ओसरला की ती रिकामी पडतात. मोठ्या फुटबॉलचा हंगाम शरद ऋतूत सुरू होतो. मधल्या काळात सभागृहाच्या मालकाला भाडेकरू हवा असतो आणि लोकांना करमणूक हवी असते. म्हणजे जागा तयार, गिऱ्हाईक तयार आणि स्पर्धक नाही. कोणत्याही उद्योजकाला भुरळ पडावी अशीच ही परिस्थिती होय. मग घोडे अडते कोठे?

याचे उत्तर जमाखर्चाच्या दोन बाजू समोरासमोर मांडल्यावाचून मिळणार नाही. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट संघाचे नाहीत, केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. समजा, एखाद्या छोट्या संघाचे हंगामात १४ सामने आहेत. त्यांपैकी ७ स्वगृही होतात, प्रत्येक सामन्यास २,५०० लोक तिकीट काढून येतात आणि तिकिटाची सरासरी किंमत १५ डॉलर आहे. एका सामन्याचा गल्ला ३७,५०० डॉलर आणि हंगामाचा २,६२,५०० डॉलर झाला. आता २१ खेळाडूंना दर सामन्यास प्रत्येकी २२५ डॉलर द्यावयाचे म्हटले, तर १४ सामन्यांचे ६६,१५० डॉलर होतात. म्हणजे गल्ल्याचा चौथा हिस्सा. एवढ्यावरून पाहता धंदा फायद्याचा वाटतो, आणि नवखे मालक नेमके येथेच फसतात.

कारण खेळाडूंचे मानधन हा खर्चाचा केवळ दिसणारा भाग आहे. खेळाडू दूरदूरच्या गावांहून येतात. त्यांच्या निवासाची आणि बहुधा काही जेवणांचीही सोय संघाला करावी लागते. सभागृहाचे भाडे असते. हॉकीच्या रिंगणावर अंथरावयाचे कृत्रिम हिरवळीचे पट्टे आणि भोवतालच्या भिंतींना लावावयाच्या गाद्या विकत घ्याव्या लागतात, आणि त्या दर सामन्याला अंथरण्या-उचलण्याची मजुरी निराळी. प्रशिक्षक, वैद्य, पंच, तिकीटविक्रीचे नोकर, शेकडो मैलांचा बसप्रवास, परगावची हॉटेले, या साऱ्यांची बिले प्रेक्षक येवोत वा न येवोत, ठरल्या दिवशी येतातच. उलट, खाद्यपेयांची विक्री आणि मोटारी उभ्या करण्याचे शुल्क हे जे हमखास उत्पन्न, ते करारानुसार पुष्कळदा सभागृहाच्या मालकाकडे जाते. खेळ संघाचा, गर्दी संघाची, पण चहापाण्याचा नफा दुसऱ्याच्या पेटीत, असा हा प्रकार आहे.

सर्वांत जड ओझे विम्याचे. खेळाडू हा कायद्याने संघाचा नोकर ठरला की, त्याच्या दुखापतीबद्दल कामगार नुकसानभरपाईचा विमा उतरविणे क्रमप्राप्त होते. ज्या धंद्यात एकमेकांना धडका देणे हेच काम आहे, त्या धंद्याचा विम्याचा हप्ता किती असेल, याची कल्पना कोणीही करू शकेल. हा हप्ता भरला नाही तर हंगाम उभा राहत नाही, आणि भरला तर गल्ल्यात फारसे उरत नाही. गुडघा निखळलेल्या खेळाडूला मात्र तोच एक आधार असतो. म्हणून या खर्चात काटकसर करणारा मालक वास्तविक आपला तोटा खेळाडूच्या अंगावर ढकलीत असतो.

यात भर अशी की, येथील माल अत्यंत नाशवंत आहे. कापडाचे न खपलेले ठाण पुढील दिवाळीत विकता येते. शनिवारी रात्री रिकामी राहिलेली खुर्ची रविवारी विकता येत नाही. आपल्या कल्पित हिशेबात दर सामन्यास ५०० प्रेक्षक कमी आले, तर हंगामाच्या उत्पन्नात ५२,५०० डॉलरची घट होते, आणि खर्चात मात्र एका डॉलरचीही बचत होत नाही. फुकट पास वाटून सभागृह भरलेले दाखविण्याचा मोह अशा वेळी होतो. परंतु जो माल एकदा फुकट मिळाला, त्याचे पैसे मोजण्यास गिऱ्हाईक पुन्हा सहजासहजी तयार होत नाही.

आतापर्यंतचा विचार एकट्या संघाचा झाला. पण एकटा संघ खेळूच शकत नाही, आणि या व्यवसायाचे खरे वैशिष्ट्य येथेच आहे. शेजारचे दुकान बंद पडले तर आपले गिऱ्हाईक वाढते. येथे शेजारचा संघ बंद पडला की आपला सामनाच रद्द होतो. तिकिटांचे पैसे परत करावे लागतात, नाहीतर गावातील हौशी खेळाडू गोळा करून कसाबसा सामना उरकावा लागतो, आणि एकतर्फी खेळ पाहून प्रेक्षक नाराज होतात. लीग ही अशी भागीदारी आहे की, जीत प्रत्येक भागीदार दुसऱ्याच्या पतीवर जगतो. २०२३ मध्ये नॅशनल अरेना लीगने ऑल्बनी येथील 'एम्पायर' संघाचे सभासदत्व, लीगची देणी न भरल्यामुळे, हंगामाच्या मध्येच रद्द केले. २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी विजेतेपद याच संघाने मिळविले होते. मैदानावरील यश तिजोरीला तारू शकत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

भागीदारीतील आणखी एक दोष सूक्ष्म आहे. नवा संघ लीगमध्ये आला की तो प्रवेशशुल्क भरतो. ही रक्कम वस्तुतः भांडवली स्वरूपाची आहे, पण अडचणीतील लीग तिच्यातून चालू खर्च भागवू लागते. मग दरवर्षी नवे संघ आणणे हीच गरज होऊन बसते, आणि येणाऱ्याची ऐपत तपासण्याचे काम मागे पडते. कच्च्या पायाचा संघ वर्षभरात कोसळतो आणि कोसळताना पक्क्या संघांचेही वेळापत्रक उद्ध्वस्त करून जातो.

हे सारे केवळ लहान गावांपुरते खरे आहे असे कोणी समजू नये. २००८ मध्ये मूळ अरेना फुटबॉल लीगमध्ये १७ संघ होते आणि दर सामन्यास सरासरी १२ हजारांहून अधिक प्रेक्षक येत. त्या वर्षीचे विजेतेपद फिलाडेल्फियाच्या संघाने मिळविले, पण ते राखण्याची संधी त्याला २००९ मध्ये मिळालीच नाही. जगभर आर्थिक मंदी आली, डिसेंबर २००८ मध्ये पुढचा हंगाम रद्द झाला आणि २००९ मध्ये लीगचे दिवाळे वाजले. लीगची नावे, बोधचिन्हे व इतर मालमत्ता ६१ लाख डॉलरना विकली गेली. २०१० मध्ये खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा खेळाडूंना सामन्यामागे ४०० डॉलर मिळू लागले. २०१८ मध्ये अवघे ४ संघ उरले होते. २०१९ च्या अखेरीस लीगने पुन्हा दिवाळखोरी पत्करली. त्या वेळी तिच्यावर जुन्या विमा कंपनीचा दशलक्षावधी डॉलरचा दावा चालू होता. २०२४ मध्ये तेच नाव घेऊन १६ संघांची नवी लीग थाटामाटाने निघाली, आणि पहिल्या काही आठवड्यांतच पैशाअभावी अनेक संघ गळाले. नाव तेच, खेळ तोच, आणि चूकही तीच.

मग या व्यवसायात टिकण्याचा मार्गच नाही काय? आहे, आणि तो आयोवा राज्यातील डे मॉइन शहराच्या 'बार्नस्टॉर्मर्स' संघाने दाखविला. १९९५ मध्ये या संघात कर्ट वॉर्नर नावाचा तरुण दाखल झाला. मोठ्या लीगच्या संघाने त्याला आदल्या वर्षी काढून टाकले होते आणि तो किराणा मालाच्या दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर फळ्यांवर माल लावीत असे. तीन हंगाम या छोट्या सभागृहात खेळून तो पुन्हा मोठ्या लीगमध्ये गेला आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुईसच्या संघाला त्याने 'सुपर बोल' जिंकून दिला. त्याच बार्नस्टॉर्मर्सचे मूळ स्थान २००० च्या हंगामानंतर न्यूयॉर्कला विकले गेले. डे मॉइनमध्ये ते नाव पुढे पुन्हा उभे राहिले आणि २०१० मध्ये मोठ्या अरेना लीगमध्ये परतलेही. तथापि २०१५ मध्ये संघाने ती प्रतिष्ठेची लीग सोडली आणि कमी खर्चाच्या 'इनडोअर फुटबॉल लीग'मध्ये प्रवेश केला. २०१७ मध्ये ॲरिझोनाच्या 'रॅटलर्स'नीही तोच मार्ग धरला. रॅटलर्सनी पहिल्याच वर्षी आणि बार्नस्टॉर्मर्सनी २०१८ मध्ये नव्या लीगचे विजेतेपद पटकाविले. त्यांनी मागे सोडलेली प्रतिष्ठित लीग मात्र २०१९ मध्ये बुडाली. आपल्या आवाक्याबाहेरची पायरी सोडून खाली उतरणे यास लोक माघार म्हणतात. हिशेबाच्या भाषेत त्याला आपले अंथरूण ओळखणे असे म्हणतात.

संघ बुडतो तेव्हा केवळ मालकाचे भांडवल बुडत नाही. ज्या छापखान्याने तिकिटे उधारीवर छापली, ज्या हॉटेलवाल्याने खेळाडूंना ठेवून घेतले, ज्या बसवाल्याने परगावी नेऊन आणले, ती गावातील लहान माणसे दिवाळखोरीच्या यादीत शेवटच्या ओळींत असतात आणि त्यांच्या हाती क्वचितच काही पडते. आठवड्याच्या मानधनावर पोट असलेला खेळाडू परक्या गावी भाड्याच्या खोलीत अडकतो. वर्गणी भरून वर्षाची तिकिटे घेतलेले कुटुंब पुढील वेळी दुसऱ्या कोणा प्रामाणिक माणसाच्या उपक्रमावरही विश्वास ठेवीत नाही. ही शेवटची हानी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही, पण ती भरून येण्यास सर्वांत अधिक काळ लागतो.

व्यापार लहान असण्यात कमीपणा नाही. निश्चित खर्च किती, उत्पन्न कोणत्या सात-आठ रात्रींवर अवलंबून आहे, आणि त्यांपैकी दोन रात्री पावसात गेल्या तर देणेकऱ्यांना काय उत्तर द्यावयाचे, एवढे तीन प्रश्न पहिले तिकीट विकण्यापूर्वी जो स्वतःस विचारील, त्याचे प्रेक्षागार अर्धे भरले तरी त्याचा दिवा तेवत राहील. ज्याने ते विचारले नाहीत, त्याचे प्रेक्षागार ओसंडून वाहत असतानाच त्याच्या दारावर जप्तीची नोटीस येऊन पोहोचते.