शून्य बघितले, पुढे काय?



पेट्रोल पंपावर गाडी लागली की "सर, झीरो बघा" अशी हाक येते. आपण मान डोलावतो, पैसे देतो आणि निघतो. आज बोलू या शून्य बघून झाल्यावर काय बघायचे याविषयी.

आधी दोन समज बाजूला काढू. पहिला समज असा, की शंभराऐवजी एकशे दहाचे पेट्रोल घेतले तर पूर्ण मिळते. यंत्र इंधन लिटरमध्ये मोजते आणि दराने गुणून रुपये दाखवते. यंत्र चोख असेल तर दोन्ही रकमांना चोख देईल. खोटे केलेले असेल, तर आकडा बदलून तुमची सुटका होत नाही.

दुसरा समज, पहाटे भरले तर जास्त मिळते. पेट्रोल उष्णतेने फुगते हे खरे. एका अंशाला लिटरमागे साधारण एक मिलिलिटर. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही. दोन अंशांचा फरक धरला तरी तीस लिटरमागे साठ मिलिलिटर, म्हणजे शंभराच्या दराने सहा रुपये. तेवढ्यासाठी झोप मोडू नका.

खरे नुकसान दोन ठिकाणी होते. तुम्ही हजाराचे सांगता, यंत्र दोनशेवर थांबते. "सॉरी सर, चुकून दोनशे झाले," म्हणत मुलगा पुन्हा नळी लावतो, पण शून्यावर आणत नाही. तेवढ्यात दुसरा खिडकीशी येऊन "कार्ड की कॅश?" विचारतो. हजाराचे पैसे देऊन तुम्हाला आठशेचेच पेट्रोल मिळते. उपाय सोपा आहे. गाडीतून उतरा, यंत्रासमोर उभे राहा आणि पावती घ्या.

दुसरी जागा यंत्राच्या पोटात आहे. एप्रिल २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने लखनौत छापे घातले, तेव्हा काही पंपांच्या यंत्रांत इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या. त्याच वर्षी ठाणे पोलिसांनीही अशा कारवाया केल्या. अशा यंत्रावर शून्य दिसते, आकडे नीट पळतात, पावतीही बरोबर येते. कमी पडते ते फक्त टाकीत. तीस लिटरमागे पाच टक्के कमी पडले, तर दीड लिटर गेले, म्हणजे दीडशे रुपये.

फौजेत इंधनाचा हिशेब नुसत्या कागदावर मिटत नसे. टाकीत डिप रॉड बुडवून पातळी बघितली जाई. नागरिकाच्या हातात तसेच एक साधन आहे, पाच लिटरचे शिक्कामोर्तब केलेले माप. ते प्रत्येक पंपावर असावेच लागते आणि ग्राहकाने मागितले तर त्यात इंधन सोडून दाखवावे लागते. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरही मागा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाकला की तो डाग न ठेवता उडून गेला पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात महामार्गावरच्या एका पंपावर मी माप मागितले. मुलगा म्हणाला, "मॅनेजर जेवायला गेलेत." मी म्हणालो, "थांबतो." दहा मिनिटांत माप आले. पाच लिटर सोडले, पातळी बरोबर खुणेवर आली. मी त्यांचे आभार मानले आणि टाकी भरून घेतली. मागचा टेम्पोवाला विचारू लागला, "साहेब, हे आम्हालाही मागता येतं?" येतं. त्याला गणवेश लागत नाही.

घरीही एक हिशेब ठेवा. नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी तशीच भरा. धावलेल्या किलोमीटरना भरलेल्या लिटरने भागा. असे तीन-चार वेळा केले की गाडीची सरासरी कळते. ती घसरली म्हणून लगेच पंपाला दोष देऊ नका. टायरमधली हवा आधी बघा, ती पंपावर मोफत मिळते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यानेही सरासरी थोडी उतरते. पण एकाच पंपावर भरल्यावर ती पुन्हा पुन्हा पडत असेल, तर तिथे माप मागाच.

माप कमी निघाले, तर भांडत बसू नका. पावती जपा, यंत्राचा क्रमांक आणि वेळ लिहा, तक्रारवहीत नोंद करा. मग वजन-मापे खात्याकडे जा. महाराष्ट्रात त्याला वैधमापनशास्त्र विभाग म्हणतात, बडोद्यात तोलमाप, इंदुरात नापतौल. कुठल्याही राज्यातून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही लागतो.

मोठ्या गाडीवाल्याला दीडशे रुपये कदाचित जाणवणार नाहीत. पण रोज शंभराचे पेट्रोल भरून घरोघरी डबे पोचवणाऱ्या मुलाचे रोज पाच रुपये गेले, तर महिन्याचे दीडशे होतात. रांग अडेल, कोणी खेकसेल म्हणून तो माप मागत नाही. आपल्याला वेळ आहे, आवाजही आहे. महिन्यातून एकदा आपण मागू या. माप बाहेर काढायची सवय लागली, की त्याचा फायदा रांगेत मागे उभ्या असलेल्यालाही होतो.

जय हिंद.