धावणाऱ्यांचे बेत

साताऱ्याच्या रस्त्यांवर पहाटे दोन तऱ्हेची माणसे धावताना दिसतात. एक पोलीसभरतीची पोरे; त्यांना १६०० मीटर झपाट्याने काटायचे असतात. दुसरी हौशी मंडळी. त्यांत शिक्षक असतात, दुकानदार असतात, घर सांभाळून आलेल्या बायाही असतात. २०१२ पासून येथे अर्धमॅरेथॉन होते, सुमारे २१ किलोमीटरची. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरायचा! शिवाय जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन असतेच.

धावून झाले की मंडळी चहाला टेकतात. “यंदा कुठली शर्यत? रविवारी किती धावणार?” ही चौकशी वायफळ नव्हे. चारचौघांत तारीख बोलून बसलो की पाचाला अंथरूण सोडावेच लागते.

मात्र बेत सर्वांचा ऐकावा, अंतर आपल्या पायांना विचारून ठरवावे. आठवड्याला दहा किलोमीटर धावणाऱ्याने सोबत्याचे ऐकून एकदम चाळीस धरले, तर काय होईल? दमसास काही आठवड्यांत वाढतो. नडगीचे हाड आणि टाचेमागची शीर यांना महिने लागतात. दुखणे उपटते ते तिथे. रोजच्या धावण्यात सोबत्याशी सलग बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा.

उताराची तऱ्हा आणखी वेगळी. चढताना दम लागतो, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे; कारण तेव्हा स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. म्हणून उतरण्याचाही सराव हवा. तो बहुधा कुणाच्या बेतात नसतो.