हृदयाचा पडसाद

व्याख्यानाच्या शेवटी येणाऱ्या चिठ्ठ्या ही वक्त्याची खरी परीक्षा. आमच्या हाती आलेल्या एका चिठ्ठीत एकच वाक्य होते : 'कोरोना होऊन गेला, आता छातीत धडधडते, इको करून घ्यावा की नको?' प्रश्न एका ओळीचा खरा, पण त्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही. म्हणून त्या संध्याकाळी जे घाईने सांगितले, ते येथे थोड्या विस्ताराने मांडतो.

इको म्हणजे पडसाद. दरीच्या काठावर उभे राहून हाक मारली की समोरच्या कड्यावर आपटून ती परत येते. किती वेळाने आली यावरून कडा किती दूर आहे हे सांगता येते. इकोच्या यंत्राची सारी विद्या एवढीच आहे. फरक असा की, आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनी ऐकत नाही, आणि हे यंत्र सेकंदाला वीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी छातीत सोडते. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दहा सेंटिमीटर आत असलेल्या हृदयाच्या भिंतीवर आपटून परत यावयास त्याला सेकंदाचा सात-आठ हजारावा हिस्सा पुरतो. अशा असंख्य पडसादांतून पडद्यावर धडधडणारे हृदय उमटते.

या विद्येचा उगम मोठा गमतीचा आहे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे पदार्थवैज्ञानिक होते. धातूच्या आत तडा गेला आहे की काय, हे ध्वनिलहरींनी तपासण्याची यंत्रे त्या काळी कारखान्यांत व गोद्यांत वापरीत असत. तसले एक यंत्र या दोघांनी उसने मिळविले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीचा पहिला आलेख टिपला. पोलादाची तडा शोधणारे यंत्र माणसाच्या काळजापर्यंत पोहोचले ते असे.

आता कोरोनाकडे वळू. हा विषाणू मुख्यतः फुफ्फुसांचा वैरी. मग त्यात हृदयाचा संबंध काय? संबंध शेजाराचा आहे. हृदयाचा उजवा कप्पा रक्त फुफ्फुसांकडे धाडतो आणि डावा ते सर्व शरीरभर धाडतो. डाव्याला पाऱ्याच्या सुमारे १२० मिलिमीटर दाबाने काम करावे लागते, उजव्याला सुमारे २५. साहजिकच उजव्याची भिंत पातळ असते. फुफ्फुसे सुजली, प्राणवायू कमी पडला की तेथील रक्तवाहिन्या आकसतात; काहींत रक्ताच्या गुठळ्या अडकतात; कृत्रिम श्वसनयंत्राचा दाब असेल तर त्याची आणखी भर पडते. सपाटीवर गाडी ओढणाऱ्या बैलाला एकाएकी घाट चढावयास लावावे, तशी त्या उजव्या कप्प्याची गत होते. तो फुगतो आणि शेजारच्या डाव्या कप्प्याला दाबू लागतो. पडद्यावर एरवी वाटोळा दिसणारा डावा कप्पा अशा वेळी एका बाजूने चपटा झालेला दिसतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. २०२० साली तेल अवीव येथे रुग्णालयात दाखल झालेल्या ओळीने शंभर कोरोनारुग्णांचा इको दाखल होताच करण्यात आला. त्यांपैकी बत्तीस जणांचे हृदय ठीक होते. एकोणचाळीस जणांत उजव्या कप्प्याचा बिघाड होता, तर डाव्याची आकुंचनशक्ती उणावलेले केवळ दहा निघाले. विषाणू प्रत्यक्ष हृदयाच्या स्नायूला दाह आणतो, हे काही रोग्यांत घडते. परंतु बहुतेकांत हृदय फुफ्फुसांच्या दुखण्याचा भार वाहते, असे यावरून दिसते.

आता आमच्या मते या विषयाचा खरा गाभा. अतिदक्षता विभागात रोग्याचा रक्तदाब मध्यरात्री घसरला, तर डॉक्टरने काय करावे? शिरेतून सलाइन सोडावे, हे पहिले उत्तर. पण दाब उतरण्याची कारणे निरनिराळी असतात. रोगी ज्वराने आणि उपासाने कोरडा पडला असेल, तर हृदयाचे कप्पे रिकामे दिसतात व सलाइनने प्राण वाचतात. उजवा कप्पा आधीच फुगला असेल, तर तेच सलाइन त्याला आणखी ताणते. डावा कप्पा दुबळा झाला असेल, तर स्नायूला जोर देणारे औषध लागते. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचून ते आवळले गेले असेल, तर सुईने पाणी काढावे लागते. बाहेरून चारही रोगी सारखेच : हात गार, नाडी क्षीण, घाम फुटलेला. पाच मिनिटांचा इको हे चौघे वेगळे करून दाखवितो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ६९ देशांतून १२१६ रोग्यांच्या तपासण्या एकत्र पाहण्यात आल्या. त्यांत तिघांमागे एकाचा उपचार इकोमुळे बदलला. मात्र ज्यांच्याविषयी डॉक्टरांना आधीच शंका होती अशांचेच हे इको होते, हे विसरू नये.

तर मग सरसकट सर्वांचाच का करू नये? एक तर तपासणाऱ्याला रोग्याच्या अगदी छातीशी बसावे लागते. साथीच्या दिवसांत ही जोखीम लहान नव्हती. म्हणूनच, उपचार बदलण्याचा संभव असेल तेव्हाच आणि हवा तेवढाच इको करावा, असा सल्ला अमेरिकेतील इकोतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० च्या वसंतातच दिला होता. दुसरे कारण भीतीचे. त्या वर्षी जुलैत जर्मनीतील फ्रँकफुर्टहून वृत्त आले की, कोरोनातून उठलेल्या शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर जणांच्या हृदयात एम. आर. आय. तपासणीत दोष दिसले. वृत्तपत्रांनी आकडा उचलला आणि लोकांनी धास्ती घेतली. पुढे त्या निबंधातील आकडेमोडीत चुका आढळून त्या दुरुस्त करण्यात आल्या. लेखकांनी मुख्य निष्कर्ष कायम ठेवला ही गोष्ट वेगळी. पुढल्या वर्षी अमेरिकेतील विद्यापीठांच्या १५९७ खेळाडूंची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत हृदयदाह आढळलेले सदतीस निघाले. तरुण खेळाडू आणि आपण एक नव्हे, हे खरे. पण अठ्ठ्याहत्तर टक्के कोठे आणि सव्वादोन-अडीच टक्के कोठे!

तेव्हा घरच्या घरी चार दिवस ताप येऊन गेला आणि आज जो हिंडतो-फिरतो आहे, त्याने केवळ मनाच्या समाधानासाठी इको करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तपासणी जितकी बारीक, तितक्या तीत किरकोळ खुणा सापडतात, आणि मग त्या खुणांचेच औषध सुरू होते. परंतु चालताना दम लागणे, पाय सुजणे, छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे यांपैकी काही असेल, तर नाडी, कार्डिओग्राम, रक्ततपासणी आणि मग इको, या क्रमाने जावे. धडधड पुष्कळदा अशक्तपणाची, रक्तक्षयाची किंवा काळजीचीही असते, आणि ती इकोत दिसत नाही.

सभा संपल्यावर चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ बाहेर चपला घालताना भेटले. धडधड त्यांना नव्हती, त्यांच्या पत्नीला होती. त्या आठ दिवस प्राणवायूवर होत्या, आणि आता दुसऱ्या मजल्यावरच्या घरी जाताना त्यांना जिन्यात दोनदा बसावे लागते. 'हे चिठ्ठीत का नाही लिहिलेत?' आम्ही विचारले. 'तिने लिहू नका म्हणून सांगितले होते,' ते म्हणाले. बाईंना दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता इकोसाठी घेऊन यावयास आम्ही सांगितले.