एक तिकीट सावलीचं!

जेऊर, तळणी, पुलगाव, शहडोल, बक्सर. ही यादी रेल्वेच्या वेळापत्रकातली वाटते ना? पण १८९८च्या जानेवारीत ही नावं परदेशी खगोलशास्त्रज्ञांच्या तोंडी होती. २२ जानेवारीच्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर उतरली आणि वऱ्हाड-नागपूर ओलांडून तिरपी बिहारकडे निघून गेली. तिला गाठायला इंग्लंड, अमेरिका, जपानहून माणसं आली आणि त्यांतल्या बहुतेकांनी तळ ठोकला तो रेल्वे स्टेशनाच्या आसपास.

खग्रास ग्रहणाचा पट्टा साधारण शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो. एका ठिकाणी ते दिसलं की पुन्हा तिथेच दिसायला सरासरी पावणेचारशे वर्षं लागतात. म्हणजे ग्रहण दारी येईल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, आपणच त्याच्या वाटेवर जाऊन उभं राहायचं. त्यात सोबत भिंगं, आरसे आणि फोटोच्या काचा भरलेली खोकी असतील, तर बैलगाडीच्या रस्त्यापेक्षा रूळ केव्हाही बरे. आगगाडी नसती तर ग्रहणामागे धावण्याचा हा नाद बंदरांच्या आसपासच राहिला असता, असं माझं ठाम मत आहे.

करमाळ्याच्या माळावर चाळीस फुटी कॅमेरा

पुणे-सोलापूर मार्गावरचं जेऊर म्हणजे करमाळ्याच्या प्रवाशांचं स्टेशन. १८९८मध्ये इथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल पत्नी एलिझाबेथसह मुक्कामाला होते. त्यांच्या सामानात चाळीस फूट लांबीचा कॅमेरा होता. जपानी तुकडीही याच गावी आली होती.

पण जेऊरचा खरा अभिमान वाटावा तो पुण्याहून आलेल्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्यामुळे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली होती. तिथली वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी होती. खग्रास अवस्था सुरू होताना सूर्यबिंबाच्या कडेचा पातळ थर काही क्षण लखलखतो आणि लगेच झाकला जातो. त्या लखलखाटाचा वर्णपट टिपायचा म्हणजे हात आणि घड्याळ दोन्ही पक्की हवीत. नायगमवालांनी जेऊरला हे साधलं आणि त्याचा सविस्तर अहवालही छापला. खग्रास अवस्था होती सुमारे दोन मिनिटांची!

१९१२मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचं हे नुकसान आजही मनाला लागतं.

तळणीचा साठ लाख मैलांचा किरण

पुलगाव सोडून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं तळणी लागतं. पुलगावला न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स या इंग्रज निरीक्षकांचा तळ होता, तर तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींचा. त्यांत वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी ॲनी माँडर होत्या. ॲनी आधी ग्रीनिच वेधशाळेत गणकाचं काम करत, पण १८९५मध्ये लग्न झालं आणि तिथली नोकरी सुटली. तळणीच्या मोकळ्या आभाळाखाली त्यांनी जेमतेम दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा, म्हणजे करोनाचा, फोटो घेतला. त्यात सुमारे साठ लाख मैल लांबवर गेलेला किरण उमटला. इतका लांब किरण तोवर कुणाच्याही फोटोत आला नव्हता. मोठमोठ्या यंत्रांच्या मेळाव्यात बाजी मारली ती या चिमुकल्या कॅमेऱ्याने.

तळणीच्या याच चमूत जॉन एव्हरशेड होते. पुढे ते कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झाले. नायगमवालांची दुर्बीण तिथे पोहोचली तेव्हा ती त्यांच्याच ताब्यात आली! आणि १९२२मध्ये आइन्स्टाइनचा सिद्धान्त तपासायला ऑस्ट्रेलियातल्या वॉलाल इथे जे शास्त्रज्ञ जमले, त्यांत जेऊरचे कॅम्बेल होते आणि तळणीचे एव्हरशेडही होते.

विजयदुर्गाला रेल्वे कधी?

सूर्यावर हेलियमचा शोध लागल्याची गोष्ट आपण हमखास विजयदुर्गाशी आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्याशी जोडतो. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून चौथरेही दाखवतात. पण तारखा नीट लावू या. १८ ऑगस्ट १८६८च्या ग्रहणात फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. लॉकियर मात्र त्या दिवशी भारतात नव्हतेच. त्यांनी सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये बसून, ग्रहण नसताना पाहिला. विजयदुर्गावर ते आले १८९८मध्ये, तेही ‘मेलपोमिनी’ या आरमारी जहाजाच्या साथीने, कारण कोकणात रेल्वे नव्हती. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५मध्ये, म्हणजे लॉकियर विजयदुर्गाला पोहोचायच्या आधीच.

आणखी एक गंमत. विजयदुर्गावर सावली पडली २२ जानेवारी १८९८ला. कोकण रेल्वेवरून थेट प्रवासी गाडी धावली २६ जानेवारी १९९८ला. शंभर वर्षं आणि वर चार दिवस!

इंजिनाच्या नाकावर एडिसन

२९ जुलै १८७८. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारी रेल्वे होऊन नऊच वर्षं झाली होती आणि सावली पडणार होती रॉकी पर्वतांच्या भागात. करोनाची उष्णता मोजायचं नवं यंत्र घेऊन थॉमस एडिसन वायोमिंगमधल्या रॉलिन्स गावी रेल्वेने पोहोचले. वाऱ्यापासून बचाव म्हणून यंत्र मांडलं ते कोंबड्यांच्या खुराड्यात. मोजमापाने फारसं काही हाती लागलं नाही. प्रवासाचा आनंद मात्र एडिसननी पुरेपूर घेतला. इंजिनाच्या पुढे, रुळांवरची जनावरं बाजूला सारायला जी जाळी असते, तिच्यावर बसून आपण प्रवास केल्याचं त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं.

त्याच ग्रहणासाठी मरिया मिचेल या साठीला टेकलेल्या प्राध्यापिका आपल्या जुन्या विद्यार्थिनींना घेऊन डेन्व्हरला निघाल्या होत्या. वाटेत दोन रेल्वे कंपन्यांच्या भांडणात त्यांचं सामान अडकलं आणि दुर्बिणीचं भिंग त्याच सामानात होतं. शेवटी पेटी वेळेत पोहोचली आणि महिलांच्या या तुकडीने ग्रहण डोळे भरून पाहिलं. बायकांना उच्च शिक्षण झेपत नाही असं छापलं जाण्याचा तो काळ. या एका प्रवासाचं मोल मला एडिसनच्या सगळ्या यंत्रापेक्षा जास्त वाटतं.

रूळ टाकणाऱ्याने काढलेला नकाशा

१८६०मध्ये स्पेनच्या उत्तर भागातून ग्रहण गेलं. तेव्हा चार्ल्स व्हिन्यॉल्स हा इंजिनिअर बिल्बाओहून तिथे रेल्वेमार्ग टाकत होता. डोंगर-दऱ्या त्याच्या पायाखालच्या. त्याने सावलीच्या वाटेचा नकाशा तयार केला आणि त्याच्या माणसांनी इंग्लंडहून आलेल्या खगोलशास्त्रज्ञांना जागा शोधायला मदत केली. याच ग्रहणात वॉरन द ला र्यू यांनी रिव्हाबेयोसा गावातून फोटो घेतले आणि बिंबाच्या कडेला दिसणाऱ्या लाल ज्वाळा चंद्राच्या नसून सूर्याच्याच आहेत, हे पक्कं झालं.

आइन्स्टाइनच्या बाबतीतही रुळांचं ऋण आहेच. १९१९च्या ग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना वाकतो का, हे बघायचं होतं. एडिंग्टन प्रिन्सिपे बेटावर गेले ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण सर्वांत चांगल्या काचा मिळाल्या त्या ब्राझीलच्या सोब्रालमधून. तिथे क्रॉमेलिन आणि डेव्हिडसन हे दोघे कामोसिम बंदरातून सामानासह रेल्वेनेच गेले होते.

चोवीस सेकंदांसाठी रात्रभर जागरण

२९ जून १९२७. इंग्लंडच्या भूमीवरून खग्रास सावली जाणार होती, ती १७२४नंतर पहिल्यांदाच. वेळ सकाळी साडेसहाच्या आतली, अवधी चोवीस सेकंद! रात्रभर खास गाड्या उत्तरेकडे धावल्या. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रिचमंडला निघालेल्या प्रवाशांत व्हर्जिनिया वुल्फ होत्या, सोबत पती लेनर्ड आणि व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट. ढगांनी बऱ्याच ठिकाणी घोर निराशा केली, पण गिगल्सविकला शाही खगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांना नेमक्या क्षणी आभाळ मोकळं मिळालं. वुल्फ यांनी त्या पहाटेबद्दल रोजनिशीत भरभरून लिहिलं आणि पुढे त्यावर निबंधही लिहिला. रंग विझणं आणि परतणं याचं इतकं जिवंत वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

त्याआधी, १८८७मध्ये, रशियातल्या क्लिन गावी मॉस्कोहून आगगाडीने आलेली गर्दी आभाळाकडे बघत होती आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे मेंडेलीव्ह बलूनमध्ये चढत होते. पावसाने बलून भिजलं होतं, दोघांचं वजन पेलेना. मग त्यांनी चालकाला खाली उतरवलं आणि एकटेच ढगांच्या वर गेले! बलून चालवायचा अनुभव शून्य.

धावत्या गाडीतून किती फायदा?

समजा सावली १६० किलोमीटर रुंद आहे आणि ताशी २४०० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे निघाली आहे. जमिनीवर उभ्या माणसाला चार मिनिटं ग्रहण दिसेल. ताशी १३० किलोमीटरने त्याच दिशेला धावणाऱ्या गाडीतल्या प्रवाशाला सुमारे चौदा सेकंद जास्त मिळतील. पश्चिमेकडे जाणारी गाडी पकडलीत तर बारा सेकंदांचा तोटा. ३० जून १९७३ला काँकॉर्ड विमानाने सावलीसोबत पळून ७४ मिनिटं मिळवली होती, रुळांवर ती गोष्ट शक्य नाही. त्यामुळे गाडीने जावं आणि उतरून, पाय जमिनीवर रोवून बघावं. डब्याच्या काचेतून करोना बघणं म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर जेवण्यासारखं.

न बघणाऱ्यांच्या गाड्या

आपल्याकडे ग्रहणासाठी रेल्वेने जाण्याची मोठी परंपरा आहे ती कुरुक्षेत्राची. ग्रहणात तिथल्या सरोवरांत स्नान करायला लाखो भाविक जमतात आणि त्यांच्यासाठी रेल्वे खास गाड्या सोडते. ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ ही हाळी ऐकत वाढलेल्यांना हा भाव परका नाही. २१ जून २०२०ला मात्र कंकणाकृती ग्रहणाचा पट्टा नेमका कुरुक्षेत्रावरून गेला आणि करोनाच्या साथीमुळे नेहमीच्या गाड्याच बंद होत्या.

बघणाऱ्यांची परंपरा नवी आहे, पण जोमाने वाढते आहे. १६ फेब्रुवारी १९८०ला कारवार, हुबळी, रायचूर हा पट्टा होता. त्या दिवशी मुंबईचे रस्ते भीतीने ओस पडले होते. २४ ऑक्टोबर १९९५ला ऐन दिवाळीत राजस्थानातलं नीम का थाना हे मीटरगेजवरचं स्टेशन प्रसिद्धीला आलं. सकाळी साडेआठच्या सुमारास मिनिटभरही नाही इतका अंधार. २२ जुलै २००९ला पाटणा-गया मार्गावरचं तारेगना स्टेशन गर्दीने फुललं. आर्यभटाचं नाव या गावाशी जोडलं जातं. ढगांनी तिथे सूर्य दिसू दिला नाही, वाराणसीत मात्र तो दिसला. १५ जानेवारी २०१०ला कंकण बघायला कन्याकुमारी आणि रामेश्वर, म्हणजे पांबन पुलावरून समुद्र ओलांडून प्रवास! २६ डिसेंबर २०१९ला कासारगोड जिल्ह्यातलं चेरुवत्तूर. ग्रहणांनी नकाशावर आणलेल्या या छोट्या स्टेशनांबद्दल मला अपार माया आहे.

पुढचं आरक्षण

१२ ऑगस्ट २०२६ला स्पेनमध्ये सूर्यास्ताच्या जरा आधी खग्रास ग्रहण आहे. व्हिन्यॉल्सचं बिल्बाओ पट्ट्यात आहे, माद्रिद आणि बार्सिलोना थोडक्यात बाहेर. २ ऑगस्ट २०२७ला इजिप्तमध्ये लक्झरजवळ सहा मिनिटांहून जास्त, आणि कैरोहून लक्झरला रेल्वे आहे. आपल्या देशात २१ मे २०३१ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आणि २० मार्च २०३४ला लडाख-काश्मीरच्या भागातून खग्रास. श्रीनगरपर्यंत आता रूळ पोहोचलेले आहेत.

निघताना आयएसओ १२३१२-२ प्रमाणित चष्मा घ्या. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, साधा गॉगल यांच्या भरवशावर सूर्याकडे बघू नका. पूर्ण खग्रास अवस्थेतच चष्मा काढायचा, कंकणाकृतीत तर अजिबात नाही. आणि रेल्वेला एक विनंती: जेऊर, पुलगाव आणि तळणीच्या फलाटांवर २२ जानेवारी १८९८ची गोष्ट सांगणारी पाटी प्रत्येक प्रवाशाच्या नजरेस पडायला हवी, आणि तिच्यावर नायगमवालांचं नाव ठळक अक्षरांत हवं.