गांवकऱ्यांची पायरी कोणती?

कथा राजपुत्राची असली म्हणजे वाटेवरील कुंभाराची चौकशी कोणी करीत नाहीं. राजपुत्र त्याच्या अंगणांत पाणी पितो, वाट विचारतो आणि पुढें निघून जातो. परंतु ज्या खेळांत गोष्ट सांगणारा एक आणि तींत नायक होऊन वावरणारे चार-पांच अशी व्यवस्था असते, तेथें एखादा नायक त्या कुंभारावरच तलवार उपसतो, तर दुसरा त्याला सोबतीला चलण्याचा आग्रह धरतो. अशा वेळीं हा कुंभार कितपत जाणता व कितपत काटक, याचा निर्णय सूत्रधाराला तत्काळ द्यावा लागतो. प्रश्न खेळांतला खरा. पण अनुभव म्हणावें तरी कशाला, हा थोरांनींहि विचार करण्याजोगा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे.

या जातीचा आद्य प्रसिद्ध खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनीं रचला आणि तो १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्रत्येक नायकाला ‘लेव्हल’ म्हणजे पायरी असते. राक्षस मारले, गुप्तधन हस्तगत केलें, कीं अनुभवाचे गुण मिळतात. गुण सांठले कीं पायरी चढते. आणि पायरीबरोबर शस्त्र चालविण्याचें कसब व घाव सोसण्याची शक्ति हीं दोन्ही वाढतात. आतां ज्यानें राक्षस पाहिला नाहीं, ज्याला गुप्तधन सांपडलें नाहीं, परंतु ज्याचें चाक चाळीस वर्षें फिरत आहे, त्या कुंभाराला कोठें बसवावें? १९७७ ते १९७९ या काळांत निघालेल्या विस्तृत आवृत्तीनें सामान्य माणसाला सरसकट शून्य पायरी दिली. तलवारीचा एक वार नीट बसला कीं त्याचा ग्रंथ आटोपला!

२००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीच्या कर्त्यांना हें रुचलें नसावें. त्यांनीं सामान्य जन, जाणते कारागीर, शिपाई, उमराव आणि खेडेगांवचे मांत्रिक असे पांच वर्ग पाडले व सर्वांना नायकांप्रमाणेंच शिडी दिली. हेतु चांगला, परंतु त्यांतून नवीच विपरीतता उद्भवली. कोणत्याहि कलेंत किती प्रावीण्य मिळवितां येईल, याची मर्यादा पायरीवरच अवलंबून होती. सोनाराचा हात बसलेला दाखवावयाचा तर त्याला वर चढविणें प्राप्त. आणि तो वर चढला कीं त्याचें अंगहि वज्राचें होई. दहाव्या पायरीच्या कारागिराची घाव सोसण्याची शक्ति सहा बाजूंचे दहा फांसे टाकून ठरते, म्हणजे सरासरी पस्तीस. नव्या शिपायाची आठ बाजूंच्या एकाच फांशानें, म्हणजे सरासरी साडेचार. एवढेंच नव्हे, तर त्या शिपायापेक्षां हा सोनारच तलवारीचा वारहि अधिक अचूक करी! उलट पहिल्या पायरीच्या गांवकऱ्याच्या वांट्याला चार बाजूंचा एक फांसा. घरची मांजर दोन पंजे व एक चावा असे तीन वार करी, आणि प्रत्येक वार निदान एका गुणाची हानि करी. मांजरीनें माणूस लोळविल्याची थट्टा खेळाडूंत अद्यापि चालते.

२०१४ सालच्या पांचव्या आवृत्तीनें सामान्य माणसाला नायकांच्या शिडीवरून उतरवून त्याला चार गुणांची सहनशक्ति नेमून दिली. पहारेकऱ्याला अकरा, मुरलेल्या योद्ध्याला अठ्ठावन्न. कोणाला कोणती कला अवगत असावी, हें आतां सूत्रधारानें आपल्या विवेकानें ठरवावयाचें.

याहून समंजस उत्तरें पूर्वींच निघालीं होतीं. १९७८ सालच्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळांत पायऱ्याच नाहींत. प्रत्येक कलेचें प्रावीण्य शेंकडेवारीनें निराळें मोजलें जातें. मडकें घडविण्यांत कुंभाराला शंभरांत नव्वद दिले, म्हणून त्याला भाला पेलतां येतो असें होत नाहीं. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’मध्यें तर मनुष्य आधीं चार-चार वर्षांच्या मुदतींनीं नोकरी करतो, कला शिकतो, आणि चौतिसाव्या वर्षापासून त्याचें शरीर झिजूं लागतें. ज्ञान वाढतें व गुडघे दुखतात, हा संसारांतला रोकडा अनुभव येथें मान्य झालेला दिसतो.

सूत्रधारानें मग काय करावें? सारे गांवकरी दुबळे मानले, तर रानाकांठचें हें गांव आजवर लुटारूंच्या हातून टिकलें कसें, तें सांगतां येत नाहीं. सारे बलिष्ठ मानले, तर नायकांना कोण विचारतो? आमच्या मतें प्रत्येकाविषयीं तीन प्रश्न विचारावे: यानें एकच काम किती वर्षें केलें, कोणत्या संकटांतून तो निभावला, आणि याच्या हांकेला कोण धांवून येईल? बहुतेक मंडळी लढाईंत कच्चीं असावीं. नावाडी नदीचा, सुईण बाळंतपणाची पक्की जाणकार असावी. दोन-तीन म्हातारे शिपाई असावे. आणि गांवाचें खरें बळ गांव एकत्र होण्यांत असावें.

यांत खेळणाऱ्यांच्या वळणाचाहि प्रश्न आहे. समोरचा माणूस एका वाराचा धनी आहे असें एकदां कळलें, कीं उतावळा खेळाडू त्याच्याशीं अरेरावीनें बोलूं लागतो. तोच नावाडी रात्रीच्या पुरांत त्याला पैलतीरीं पोंचवितो, तेव्हां सूर आपोआप बदलतो. ज्या घरांत पन्नास पानांची पंगत न गडबडतां उठविणाऱ्या आजीबाई आहेत, त्या घरच्या मुलांना हें समजावयास जड जाऊं नये. सूत्रधार होणाऱ्या मुलानें पुढील डावाची मांडणी करण्यापूर्वीं त्यांच्यापाशीं घटकाभर बसावें, आणि एवढ्या पानांचा अंदाज त्या कसा बांधतात, तें विचारावें. कोणत्याहि पायरीवर न बसणारा अनुभव कसा असतो, तें त्याला तेथें कळेल.