नव्या इंजिनाचे पहिले दळण

जात्याला नवी टाकी लावून घेतली, की त्यातून निघणारे पहिले पीठ घरात कोणी खात नसे. कोंडा किंवा हलकी ज्वारी भरडून दगडाचे सुटे कण त्याबरोबर बाहेर पडू द्यायचे, ती भरड गोठ्यात रवाना करायची आणि मगच माणसांच्या धान्याची वैरण जात्यात घालायची, ही रीत आपल्या मागच्या पिढ्यांतील स्त्रियांना कोणी शिकवावी लागत नव्हती. दगड खरखरीत नसेल तर दळण होत नाही, आणि दगड नुकताच खरखरीत केलेला असेल तर दळणात कचकच येते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असल्यामुळे पहिले दळण वाया जाणे हा जात्याचा दोष नव्हे, तो त्याच्या नवेपणाचा स्वाभाविक धर्म होय, असे त्या मानीत.

हर्सूलकडून नहरीने आणलेल्या पाण्याच्या बळावर फिरणारी पाणचक्की ज्या शहराने पाहिली, त्याच शहराच्या वाळूज भागात १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना उभा राहिला आणि २००१ साली शेंद्र्याला स्कोडाच्या ऑक्टाव्हिया गाड्यांची जुळणी सुरू झाली. यंत्राशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशी हजारो कुटुंबे आज छत्रपती संभाजीनगरात राहतात. तरीही, नवी गाडी दारात आल्यावर तिच्या इंजिनातील पहिले तेल केव्हा बदलावे, या प्रश्नाला चिकलठाण्याच्या गॅरेजमधला मिस्त्री एक उत्तर देतो, विक्रेता दुसरे देतो आणि शेजारी तिसरेच देतो. प्रत्येकाच्या उत्तरात सत्याचा थोडा अंश असल्यामुळे गाडीचा मालक गोंधळून जातो.

मिस्त्रीचे म्हणणे आधी समजून घेऊ. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, जिच्यावरून पिस्टनच्या कड्या मिनिटाला हजारो वेळा खालीवर सरकतात त्या भिंतीवर, एकमेकींना छेदणाऱ्या अतिसूक्ष्म तिरप्या रेषा कारखान्यात मुद्दाम कोरलेल्या असतात; या क्रियेला होनिंग म्हणतात, आणि मला ती सिलिंडरला लावलेली टाकीच वाटते. त्या रेषांच्या खाचांत तेल धरून राहते, आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून कड्या भिंतीशी जुळतात. हे उंचवटे झिजून कड्या नीट बसल्या म्हणजे ‘इंजिन मोकळे झाले’ असे आपल्याकडे म्हणतात. त्या घासणीचे चूर्ण, जुळणीच्या वेळी कोठेतरी दडून राहिलेला धातूचा कीस आणि सांधे बंद करण्यासाठी लावलेल्या लुकणाचे अंश हे सारे पहिल्या तेलात उतरते. ते लवकर काढून टाकावे, असा मिस्त्रीचा आग्रह आहे आणि त्यात अविवेक काहीच नाही.

मात्र ज्या काळात हा आग्रह जन्मला, त्या काळातली टाकी आणि आजची टाकी यांत फरक पडला आहे. आता बहुतेक कारखान्यांत होनिंगचा शेवटचा हात उंचवट्यांची टोके आधीच कापून सपाट करतो आणि खोल खाचा तेवढ्या शिल्लक ठेवतो, म्हणजे पूर्वी रस्त्यावर होणाऱ्या झिजेचा मोठा हिस्सा कारखान्याच्या आवारातच उरकून घेतला जातो. म्हणूनच पुष्कळ निर्मात्यांच्या वेळापत्रकात १००० किलोमीटरची पहिली सर्व्हिसिंग ही केवळ तपासणी असते आणि तेलबदलाची मुदत ५००० पासून १५००० किलोमीटरपर्यंत कोठेही असू शकते. काही इंजिनांत पहिले तेल विशेष द्रव्ये घालून भरलेले असते आणि ते मुदतीआधी सोडू नये, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. त्या लेखी शब्दापुढे मिस्त्रीचा अनुभव किंवा माझे मत यांना किंमत देण्याचे कारण नाही. जेथे अशी मनाई नाही, तेथे मी स्वतः १५०० ते २००० किलोमीटरच्या दरम्यान एकदा तेल आणि फिल्टर बदलून घेईन, निर्मात्याने सांगितलेल्या प्रतीचेच तेल भरीन आणि त्याची पावती जपून ठेवीन; दहा-पंधरा वर्षे वापरायच्या यंत्रासाठी चार लिटर तेलाचा खर्च मला जड वाटत नाही.

परंतु तेल बदलले म्हणजे इंजिनाचे भले झाले, हे कशावरून समजायचे? येथे प्रयोगशाळेचा प्रवेश होतो. वापरलेल्या तेलात विरलेल्या धातूंवरून इंजिनाच्या पोटातील अवस्था ओळखण्याची विद्या १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी डिझेल इंजिनांसाठी उपयोगात आणली. पुढे ती विमानांसाठी रुजली, आणि आपल्या भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही अशी तपासणी हा नित्याचा शिरस्ता झाला. तेलाचा थेंब अतितप्त ज्योतीत किंवा विजेच्या ठिणगीत जाळला, की त्यातील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते, आणि त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण मोजता येते. लोह वाढले तर सिलिंडरची भिंत, क्रँकशाफ्ट किंवा कॅमशाफ्ट यांच्याकडे पाहावे. ॲल्युमिनियम बहुधा पिस्टनचे. तांबे, शिसे आणि कथील बेअरिंगांचे. सोडियम किंवा पोटॅशियम अकस्मात दिसले तर रेडिएटरचे पाणी तेलात शिरत असल्याची शंका घ्यावी.

अहवालातील आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अशा मापाने येतात, आणि ते वाचून घाबरणारे पुष्कळ. चार लिटर तेलाचे वजन सुमारे साडेतीन किलो भरते. त्यात लोह १०० पीपीएम निघाले तर एकूण लोह ३५० मिलिग्रॅम, म्हणजे सोनाराच्या काट्यावर जेमतेम तीन गुंजा. नव्या इंजिनाच्या पहिल्या तेलात एवढी झीज दिसली तर काळजीचे कारण नसते. तेवढीच झीज लाख किलोमीटर चाललेल्या इंजिनात अल्प मुदतीत दिसली, तर मात्र चौकशी करायलाच हवी.

लवकर तेल बदलणारे येथेच एक चूक हमखास करतात. पहिल्या बदलानंतर लोहाचा आकडा उतरला, म्हणजे बदलामुळे झीज कमी झाली, असे ते समजतात. वस्तुतः आकडा दोन कारणांनी उतरतो: जुना साठा निचरून गेला म्हणून, आणि कड्या बसत आल्यावर झीज आपोआपच मंदावते म्हणून. दोन तेलांची तुलना करायची तर दर हजार किलोमीटरमागे किती धातू आला, असा हिशेब मांडला पाहिजे, आणि मध्येच वरून ओतलेले तेलही जमेस धरले पाहिजे. हा जमाखर्च न ठेवता एकच अहवाल मागवणे म्हणजे खतावणीचे एकच पान वाचून पेढीची सांपत्तिक स्थिती ठरवण्यासारखे आहे.

आपल्या प्रदेशात सिलिकॉनचा आकडा विशेष जपून वाचावा लागतो. सिलिकॉन हे धुळीचे मुख्य लक्षण, आणि उन्हाळ्यात मराठवाड्याच्या रस्त्यांवर बेसाल्टची धूळ कशी उडते हे सांगायला नको. एअर फिल्टर नीट बसलेला नसेल तर ती धूळ सिलिंडरच्या भिंतीला कानसीप्रमाणे घासते. पण नव्या इंजिनातील लुकणातूनही सिलिकॉन सुटते. ओळख अशी, की लुकणाचे सिलिकॉन एकटेच वाढते आणि दर बदलागणिक उतरत जाते, तर धुळीच्या सिलिकॉनबरोबर लोह आणि ॲल्युमिनियमही चढत जातात. सिडकोतून क्रांती चौकापर्यंत जाऊन परत येणे एवढाच ज्या गाडीचा दिनक्रम आहे, तिच्या तेलात पुरेशा उष्णतेअभावी पेट्रोल साचून तेल पातळ होण्याचा संभव असतो. ‘३०’ प्रतीच्या तेलाचा दाटपणा १०० अंश सेल्सिअसला किमान ९.३ सेंटिस्टोक असावा लागतो, आणि अहवालात तो त्याखाली गेलेला दिसला तर धातूंचे आकडे स्वच्छ असूनही तेल बदलावे.

या तपासणीची एक मर्यादा आहे. जळून प्रकाश देण्याइतके कण सूक्ष्मच असावे लागतात. काही मायक्रॉनांपेक्षा मोठा कण या यंत्राला बहुधा दिसतच नाही, आणि मोठ्या बिघाडाचे कण मोठेच असतात. म्हणून जुना फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या कापडावर पसरून पाहणे, हा गॅरेजमधला जुना उपाय प्रयोगशाळेमुळे बाद झालेला नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील डॉक्टर, उद्योजक आणि व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन १५० मर्सिडीज गाड्या एकाच वेळी खरेदी केल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या व्यवहाराची वार्ता देशभर गेली. ती आठवण निघाली की त्या गाड्यांच्या श्रीमंतीपेक्षा त्यांचे समवयस्कपण मला अधिक मोलाचे वाटते. प्रकार भिन्न असले तरी एकाच दिवशी दाखल झालेली, एकाच शहराच्या धुळीत चालणारी इतकी नवी इंजिने एकत्र सापडणे दुर्मिळ आहे. एकाच जातीच्या गाडीच्या दहा जरी मालकांनी प्रत्येक बदलाला एकेक बाटली तपासून नोंदवही सामाईक ठेवली, तरी कोणाचे इंजिन इतरांहून वेगळे वागते हे कोणत्याही तज्ज्ञाच्या आधी त्यांनाच कळले असते. आज एकाच वसाहतीत एकाच महिन्यात एकाच जातीच्या चार गाड्या येतात, तेव्हा हे काम चार शेजारीही करू शकतील.

नमुना मात्र नीट घ्यावा. इंजिन तापलेले असावे, तळाच्या नटाभोवतीची धूळ पुसलेली असावी, पहिली धार वाहू द्यावी आणि मधल्या धारेतून कोरडी, स्वच्छ बाटली भरावी. बाटलीवर किलोमीटर, तारीख आणि तेलाची प्रत यांची नोंद करावी. उरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी गोळा करणाऱ्या गॅरेजच्याच स्वाधीन करावे, कारण आपल्याकडे नाल्यात ओतलेले तेल पुढे खाम नदीत जाते, आणि खाम पाणचक्कीच्या भिंतीलगत वाहते.