भांडण मिटवणं आणि भांडण सोडवणं : मध्यस्थी शिकायची कशी आणि कुठे?



"सॉरी म्हण. आता तू म्हण. मिळवा हात. जा जागेवर." ही चार वाक्यं मी नोकरीत किती वेळा म्हटली असतील याची मोजदाद नाही. दोन मिनिटांत भांडण खलास आणि तास पुढे सुरू. तुमच्याही वर्गात, किंवा घरी दोन भावंडांत, हेच होत असेल.

गेल्या वर्षी सहावीतल्या दोन मुलांच्या बाबतीत मात्र ही युक्ती अंगाशी आली. कंपासपेटी बाकावरून पाडली एवढंच कारण. मी नेहमीप्रमाणे हात मिळवायला लावले. शाळा सुटल्यावर एकाने दुसऱ्याच्या सायकलची हवा सोडली, दुसऱ्याने दगड उचलला. कपाळाला तीन टाके पडले. नंतर कळलं की दोघांची शेतं लागून आहेत आणि बांधावरून दोन्ही घरांचं सहा वर्षं बोलणं बंद आहे. पोरं घरात जे ऐकत होती तेच बाकावर आणत होती. मी मात्र कंपासपेटीचा निवाडा करून मोकळा झालो होतो.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे पंच आणि मध्यस्थ एक नव्हेत. आपल्याकडे 'चार माणसांत बसून मिटवलं' असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ती चार माणसं ऐकून घेतात आणि निकाल देतात. तो निवाडा झाला. मध्यस्थ निकाल देत नाही. चूक कोणाची हेही तो ठरवत नाही. दोघांना आपापली बाजू पूर्ण मांडू देणं, एकाचं म्हणणं दुसऱ्याला ऐकू जाईल असं करणं, आणि तोडगा त्यांच्याच तोंडून निघेपर्यंत धीर धरणं हे त्याचं काम. आपल्या शिक्षकांना हे फार जड जातं. उत्तर माहीत असताना गप्प बसायची आपल्याला सवयच नाही!

दुसरी गोष्ट मागणी आणि गरज यांतला फरक. मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने 1925 मधल्या एका व्याख्यानात स्वतःचा साधा अनुभव सांगितला होता. ग्रंथालयाच्या लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, त्यांना बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण एकाला हवा हवी होती, त्या विशिष्ट खिडकीचा हट्ट नव्हता. आणि बाईंना थेट अंगावर येणारा वारा नको होता. 'खिडकी अर्धी उघडा' असं कोणी सांगितलं असतं तर दोघंही नाराज राहिले असते. वर्गात पंख्याखालच्या जागेवरून भांडण होतं ना, तिथे एकदा "तुला हीच जागा का हवी?" असं विचारून बघा. कोणाला फळा दिसत नसतो, कोणाला मित्राजवळ बसायचं असतं. पंख्याचा संबंध कमीच असतो.

आता हे शिकायचं कुठे? आपल्या राज्यात 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव समित्या बनल्या. अनेक गावांत शिक्षकही त्या कामात होते. तंटा गावातच मिटवावा ही कल्पना चांगली, पण माझं स्पष्ट मत असं की पुरस्कारासाठी मिटवलेल्या तंट्यांचा आकडा मोजू लागलो की 'मिटवून टाका'ची घाई होते. माणसांना बसवून बोलतं करायचं कौशल्य आकड्यात मावत नाही. तरीही तुमच्या गावची समिती जिवंत असेल तर तिच्या बैठकीला एकदा मागे बसून ऐका. कोण बोलतं, कोणाला बोलू दिलं जात नाही, बाई बोलायला लागली की काय होतं, एवढं टिपलं तरी पुष्कळ शिकायला मिळतं.

दुसरी जागा तालुका विधी सेवा समिती. ती तालुक्याच्या न्यायालयात असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली हे काम चालतं. लोकअदालतही याच कायद्यातली; तिथे तडजोड झाली तर त्यावर अपील नाही आणि न्यायालयात भरलेली कोर्ट फी परत मिळते. या समित्या कायदेविषयक शिबिरं घेतात. शाळेने विनंती केली तर शाळेतही घेतात, फक्त पत्र वेळेत द्यावं. त्यांच्याकडे 'पॅरा लीगल व्हॉलंटिअर' म्हणजे विधी स्वयंसेवक असतात. वकील नसलेल्यांनाही हे प्रशिक्षण मिळतं. शिक्षक, निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, सगळ्यांना दार उघडं आहे. पालकांनो, तुम्हालाही. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थांचं प्रशिक्षण मात्र वेगळं आणि 40 तासांचं असतं. त्यात व्याख्यानांपेक्षा भूमिका वठवण्यावर भर असतो. हे कौशल्य पोहण्यासारखं आहे, काठावर बसून येत नाही.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात तर सामुदायिक मध्यस्थीचं स्वतंत्र प्रकरण आहे. एखाद्या वस्तीतली शांतता बिघडवू शकेल असा वाद, दोन्ही बाजूंची संमती असेल तर, तीन मध्यस्थांपुढे नेता येईल अशी ही तरतूद आहे. तिथे झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. काहींना ही उणीव वाटते. मला वाटतं, शेजाऱ्यांचा शब्द टिकतो तो दोघांना पटला म्हणून. कायद्याची कलमं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, त्यामुळे पुढचं पाऊल टाकण्याआधी विधी सेवा समितीत विचारून घ्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. सगळंच मध्यस्थीने सोडवायचं नसतं. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर 'गावाची अब्रू', 'शाळेचं नाव' म्हणून दोन्हीकडच्यांना बसवायचं नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ही माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे आणि माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक स्टाफरूममध्ये लावून ठेवा. घरातली मारहाण आणि जातीवरून झालेला अत्याचार यांनाही हेच लागू. जिथे एक बाजू दुसरीला घाबरून आहे तिथे समोरासमोर बसवणं म्हणजे घाबरलेल्यावर दुसऱ्यांदा दडपण आणणं. आणि जातपंचायत म्हणजे मध्यस्थी नव्हे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या राज्यात 2016 चा वेगळा कायदा आहे, तो मोठ्या वर्गांतल्या मुलांना जरूर सांगा.

वर्गात मी आता काय करतो? दोघांना बाजूला घेतो. एकजण बोलेल, दुसरा मध्ये बोलणार नाही. मग दुसऱ्याने आधी पहिल्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, पहिला "हो, असंच" म्हणाला की मगच स्वतःचं. सुरुवातीला मुलं हसतात, चुकीचं सांगतात, पुन्हा भांडतात. पण "तुला राग आला कारण मी तुझी वही न विचारता घेतली" हे वाक्य भांडणाऱ्याच्याच तोंडून आलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. वेळ लागतो हे खरं; कधी अर्धी मधली सुट्टी जाते. "सॉरी म्हण" हे मी बंद केलंय. पोरं म्हणायची तेव्हा म्हणतात.

त्या दोन घरांचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. एक निवृत्त गुरुजी विधी स्वयंसेवक आहेत, त्यांनी मध्ये पडायचं कबूल केलं. पहिली बैठक दहा मिनिटांत मोडली. एका मुलाचे काका उठून गेले. दुसऱ्या बैठकीत गुरुजींनी बांधाचा विषयच काढला नाही. "पावसाळ्यात तुमचं काय नुकसान होतं?" एवढंच दोघांना विचारलं. वरच्या शेतातलं पाणी खालच्या शेतात घुसून दरवर्षी पीक कुजत होतं, म्हणून खालचे बांध उंच करत होते; आणि बांध उंच झाला की पाणी वरच्या शेतात तुंबत होतं. दोघांनाही पाण्याला वाट हवी होती. निम्मे-निम्मे पैसे घालून कडेने चर खणायचं ठरलं, आणि ते दोघांच्या सह्यांनिशी लिहून घेतलं. चर उन्हाळ्यात खणून झाला.

हद्दीचा प्रश्न तसाच आहे. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून दिला आहे, तारीख यायची आहे. मुलं अजून वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मी त्यांना एकत्र बसवलेलं नाही.